बिनशपथेचा माणूस

दाजी, तुमच्या मातीच्या दिवशी जेवढं खोटं बोललं गेलं, तेवढं तुम्ही उभ्या आयुष्यात ऐकलं नसेल. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही सदा हसतमुख होतात. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं रडतोय. मंडळीतले एक गृहस्थ म्हणाले, तुमचा गळा फार गोड होता. तुमच्या आवाजामुळे पेटीवाल्याने कितीदा सूर बदलून पाहिला आणि शेवटी नाद सोडला, हे त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही उठून दुरुस्ती सुचवायच्या स्थितीत नव्हतात, म्हणून सगळं वेळेत आटोपलं.

मीही बोललो. मला बोलायला सांगितलं आणि मी बोललो नाही, असं आजवर झालेलं नाही. मी म्हणालो, माझे दाजी कधी कोणाशी वादाला उभे राहिले नाहीत. तेव्हा ताईने माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढचं वाक्य मी गिळलं. भक्ती झाल्यावर दर रविवारी, जेवणाच्या आधी आणि जेवणाच्या नंतर, आपण दोघं भांडत आलो. त्या भांडणांचा निकाल लागायचा राहिलाय. तुमच्या बायकोचा धाकटा भाऊ या नात्याने तुमच्याशी भांडायचा जो हक्क मला मिळाला होता, तो मातीबरोबर संपला असं मला अजून कोणी कळवलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

नंदुरबारहून सुरतेला तुम्ही आधी आलात, मग ताईला आणलंत, आणि ताईच्या मागोमाग मी आलो, चार दिवसांसाठी. ते चार दिवस अजून चालू आहेत. गोडादऱ्यातल्या तुमच्या एका खोलीत मी कितीतरी महिने पाय पसरून झोपलो आणि तुम्ही पाय दुमडून. माझ्या घोरण्याचा त्रास होतो का, असं एकदा मी सौजन्याने विचारलं. दुसरा कोणी ‘छे छे’ म्हणाला असता. तुम्ही म्हणालात, ‘होतो. पण तू झोप.’ तुमच्या खरेपणाचा हा असा ताप होता, आणि तुमच्या मायेचीही चव अशीच होती.

पुढे सुरतेतच, पर्वत पाटिया भागात, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मला नोकरी लागली. त्या नोकरीत एकच कौशल्य लागतं. व्यापाऱ्याचा फोन आला की ‘गाडी निघाली’ म्हणायचं. गाडी समोर उभी असते, तिचं चाक काढलेलं असतं, ड्रायव्हर त्याच चाकाला टेकून विडी ओढत असतो, तरी ती निघालेली असते. दुसरा फोन आला की ती बारडोली ओलांडते. तिसऱ्या फोनला नवापूरच्या नाक्यावर अडकते, आणि नाक्यावर अडकलेल्या गाडीचं कोणीच काही करू शकत नाही. रविवारी मी तुमच्या शेजारी बसून डोळे मिटून प्रार्थना करायचो आणि सोमवारी माझ्या गाड्या पुन्हा निघायच्या.

एकदा तुम्ही मला भेटायला ऑफिसात आलात. मी चहा सांगायला खाली उतरलो आणि तेवढ्यात फोन वाजला. तुम्ही उचललात. जळगावचा व्यापारी होता. तुम्ही त्याला सांगितलंत, ‘गाडी उभी आहे. चाक काढलंय. आज निघेल असं वाटत नाही.’ पलीकडच्या माणसाने राँग नंबर समजून फोन ठेवून दिला.

मालक पोट धरून हसला, मला मात्र तुमचा राग आला. मी म्हटलं, दाजी, या धंद्यात सगळे असंच बोलतात, ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, मग ते खोटं कसं? तुम्ही म्हणालात, ‘ठाऊक असतं, तर बोलता कशाला?’ गाड्या मात्र अजून निघताहेत.

तुमचं काम रिंगरोडच्या मार्केटात, साड्यांच्या होलसेल दुकानात माल दाखवायचं. तिथे तुमचं नाव शांतवन आहे हे तुमच्याशिवाय कोणालाच मान्य नव्हतं. शेठ शांतिभाई म्हणायचे, दलाल शांतिलाल म्हणायचे, आणि तुम्ही दर वेळी न चिडता, न कंटाळता ‘शांतवन’ म्हणून दुरुस्त करायचात. मी सांगितलं होतं, दाजी, सोडून द्या, नावात काय आहे. तुम्ही म्हणालात, ‘काही नाही. पण माझं ते नाही.’

गिऱ्हाईक विचारायचं, रंग जाईल का? तुम्ही म्हणायचात, पहिल्या एक-दोन धुण्यांना जाईल, नंतर नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, सोगन खा. सोगन म्हणजे शपथ. आपण घेतो, सुरतेत ती खातात, आणि मार्केटात तर चहापेक्षा जास्त खातात. आईची, मुलाची, माताजीची, समोरच्या कापडाच्या ताक्याची, जे हाताशी असेल त्याची. तुम्ही म्हणायचात, ‘मी सोगन खात नाही. रंग जाईल.’ म्हणजे हा माणूस नक्की काहीतरी लपवतोय, असा तर्क करून ते गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं. तिथला माणूस दोन पोरांची शपथ खाऊन रंग न जाणारी साडी द्यायचा. पुढल्या खेपेला त्यातली काही गिऱ्हाइकं परत यायची आणि ‘तो सोगन न खाणारा कुठंय’ म्हणून विचारायची. सगळी नाही. थोडीच. शेठ माणूस भला होता. या असल्या विक्रेत्याला त्याने इतकी वर्षं ठेवून घेतलं, याचं मला आजही नवल वाटतं.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, त्या दुकानातून भारी साड्यांचं एक पार्सल नाहीसं झालं. ऐन सीझनला पोलीस नकोत म्हणून शेठने घरचाच उपाय काढला. गादीजवळच्या माताजीच्या फोटोसमोर दिवा लावला आणि सांगितलं, दुकानातल्या प्रत्येकाने दिवा हातात घेऊन म्हणायचं, मी पार्सल नेलं नाही. एकेकाने दिवा उचलला आणि तसं म्हटलं. मग तुमची पाळी आली.

हे सगळं मला तुमच्याबरोबर काम करणाऱ्या गोडादऱ्यातल्याच रामदासने सांगितलं. तुम्ही घरी येऊन फक्त एवढंच बोललात, उद्यापासून दुकानात जायचं नाही.

तुम्ही म्हणालात, ‘शेठ, मी पार्सल नेलं नाही.’

‘ते दिवा हातात घेऊन बोल, शांतिभाई.’

‘दिवा घेऊनही हेच बोलणार. मग दिवा कशाला?’

शेठला वाटलं, अडचण देवाची आहे. त्याने माणूस पाठवून खालच्या मजल्यावरच्या कॅलेंडरवाल्याकडून येशूचा फोटो मागवला, सोनेरी चौकटीचा. तो माताजीच्या शेजारी मांडला, त्यालाही अगरबत्ती ओवाळली आणि म्हणाला, ‘तुझा देव, तुझी सोगन. आता तर झालं?’ तुम्ही म्हणालात, ‘याच्यासमोर तर मुळीच नाही, शेठ. नको म्हणून सांगितलंय ते यानेच.’

रामदास म्हणाला, दुकानात कोणाला हसू आवरेना, आणि हसायची हिंमतही होईना.

मग तुम्ही जे बोललात, ते रामदासला शब्दाशब्दाने पाठ आहे. ‘शेठ, इतकी वर्षं तुम्ही विचारत आलात आणि मी सांगत आलो. आज शपथेवर सांगितलं, तर आधीचं सगळं बिनशपथेचं ठरेल.’

शेठ बराच वेळ हिशेबाच्या पेनाने कान खाजवत बसला. मग म्हणाला, मी तुला चोर म्हणत नाही, पण सगळ्यांनी दिवा उचलला आणि तू एकट्याने नाही, हे मी बाकीच्यांना कसं समजावू? दिवाळी झाल्यावर बघू. ती दिवाळी झाली, नंतरच्याही झाल्या.

तुम्हाला कोणी काढलं नाही, कोणी चोर म्हटलं नाही, कोणी परत बोलावलंही नाही. पण मार्केट म्हणजे एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारावी इतकं जवळ. दोन दिवसांत दुसऱ्या कुठल्या दुकानात तुम्हाला उभं करेनात. गल्लीतही विषय तोच. शेजारच्या धुळ्याच्या वत्सलामावशी जीव तोडून म्हणायच्या, ‘खाई ले ना भाऊ सोगन. तुन्हं काय जास?’ तुमचं काय जातं, या प्रश्नाचं उत्तर सोपं नव्हतं. जाणार होतं ते करुणाचं.

करुणाचं, तुमच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा नवापूरचा, शिक्षक, आपल्याच लोकांतला. करुणाला तो आवडला होता, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्या महिन्यांत ती भांडी घासताना गायची आणि तिचा गळा सुदैवाने ताईवर गेलेला. साखरपुडा नाताळानंतर. आणि दिवाळी उजाडायच्या आत मुलाचे वडील गोडादऱ्याला हजर झाले. स्वतः नवापूरच्या मंडळीचे पंच, पांढरा शर्ट, सोबत आपले पाळकसाहेब. आमची शंका नाही, पण नवापुरात चार तोंडं बोलतात, असं म्हणून त्यांनी पिशवीतून पवित्र शास्त्र काढलं आणि तुमच्यापुढे धरलं. माताजीच्या दिव्याचं सोडा, हे तर आपलं आहे, यावर हात ठेवा आणि एकदा म्हणा, विषय मिटला.

तुम्ही दोन्ही हातांनी ते घेतलंत. मला हायसं वाटलं. ताईने डोळ्यांना पदर लावला. तुम्ही चष्मा लावलात आणि विचारलंत, ‘कुठला भाग वाचू?’

मग तुम्हीच पानं उलटलीत आणि शपथ वाहू नका असं जिथे सांगितलंय नेमका तोच भाग वाचायला लागलात, तोही तुमच्या त्या भक्तीतल्या आवाजात. दाजी, इतक्या वर्षांनी मला याचं हसू येतं. त्या दिवशी मला तुमचा गळा धरावासा वाटला होता. पंच उठले. जाताना म्हणाले, रविवारपर्यंत शेठकडून डाग धुऊन घ्या, नाहीतर आमचा नाइलाज आहे.

ते गेल्यावर करुणा स्टोव्हजवळून उठून तुमच्यासमोर येऊन बसली. दोनच शब्द बोलली.

‘पप्पा, एकदाच.’

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, चष्मा काढलात आणि पुसत बसलात. मला ते सहन झालं नाही. मी तुम्हाला गल्लीच्या तोंडाशी नेलं आणि मनात साठलेलं सगळं ओकलो. म्हटलं, दाजी, हे खरेपण तुमचं आहे, पण त्याची किंमत ती पोरगी देतेय. मला वाटलं, आता तुम्ही वचनं सांगाल, मला माझ्या गाड्यांवरून सुनावाल. मी तयारीत होतो. तुम्ही म्हणालात, ‘हो.’

एवढंच. तो ‘हो’ मी कितीतरी वर्षं सोबत बाळगला, चपलेत अडकलेल्या खड्यासारखा. मला तो हट्ट वाटला होता. या माणसाला सगळं कळतं आणि तरी काही वाटत नाही, असं मी माझ्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला फार कळतं.

रविवार उलटला. लग्न मोडलं. करुणा आता बालवाडीत शिकवते, आणि कोणी स्थळाचं काढलं की ‘बघू’ म्हणते.

पार्सल कोणी नेलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. घरात माझी ख्याती अशी की माझ्या गोष्टीत मेलेला बैलसुद्धा उठून चालायला लागतो. ही गोष्टही मी पोरांना सांगताना एकदा चोर पकडून दिला होता. रामदासचा एक सोबती, रडत रडत शेठच्या पायावर पडतो, शेठ गाडी करून गोडादऱ्याला येतो, असं छान जमलं होतं. पोरं रंगात आली होती. तुम्ही खाटेवरून म्हणालात, ‘सापडला नाही.’ मी पुढच्या नाताळात पुन्हा प्रयत्न केला, चोर जरा बदलून. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. ज्या गोष्टीत चोर सापडल्याने फायदा तुमचाच होता, तीही तुम्ही मला बनवू दिली नाहीत.

मग तुमची ती इच्छापोरची नोकरी. कारखान्याच्या फाटकावर रखवालदार, कंत्राटदाराकडे. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, बस बदलत. पहाटे जायचात आणि घरी यायचात तेव्हा बूट काढता काढता तुम्हाला डुलकी लागायची. एक बूट पायात, एक हातात. ताई तो हातातला बूट हळूच काढून घ्यायची. फाटकावरून कोणी भंगार बाहेर काढायला लागलं की तुम्ही अडवायचात, म्हणून तिथेही तुमच्यावर कोणी खूश नव्हतं. मी विचारायचो, दाजी, कसं चाललंय? तुम्ही म्हणायचात, ‘थकायला होतं.’

मातीच्या भाषणात हे कोणी बोललं नाही. पाळकसाहेबांनी तुम्हाला खडक म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं. खडकाला बूट काढताना झोप लागत नाही. खरं बोलणारी माणसं थकतात, त्यांचे गुडघे दुखतात, त्यांची लेक त्यांच्याशी महिनोन्महिने कामापुरतं बोलते आणि ते ताट पुढे ओढून जेवतात, हे सांगितलं असतं तर मंडळीतल्या दोघाचौघांना धीर आला असता. मलाही आला असता. तुमच्यासारखं व्हायला जमत नाही याचं मला कधीच फारसं वाईट वाटलं नाही, कारण तुम्हाला ते सहज जमतं अशी माझी पक्की समजूत होती. तुम्ही त्याच मापाचे शिवले गेला होतात आणि मी सैल, असं मानून मी निवांत होतो.

तो निवांतपणाही तुम्ही परवा काढून घेतलात, जाऊन दोन आठवडे व्हायच्या आत.

परवा दुपारी मी ताईकडे बसलो होतो. ताई आणि करुणा पापडीच्या शेंगा सोलत होत्या. मी नेहमीप्रमाणे बोलत होतो. पंचांसमोर तुम्ही शास्त्र वाचायला लागलात तो भाग रंगवून सांगत होतो आणि करुणासुद्धा थोडी हसली. मी म्हटलं, दाजींना कधी डळमळायचं माहीतच नव्हतं.

ताई म्हणाली, ‘गेले होते ते.’

मला कळेना. कुठे?

‘मार्केटला. पंच येऊन गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मला म्हणाले, जाऊन दिवा उचलून येतो.’ ताई शेंगेतून दाणे काढत सांगत होती, आदल्या दिवशीच्या भाजीबद्दल सांगावं तशी. तिला इतका आनंद झाला होता की तुमच्या चहात तिने दोनदा साखर घातली, आणि तुम्ही तो तसाच प्यालात.

तुम्ही गेलात. त्या दिवशी मार्केटातला कोणी मोठा व्यापारी वारला होता, म्हणून सगळी दुकानं बंद होती. सगळी शटर खाली. तिथे तुम्ही किती वेळ उभे राहिलात, काय मनात आलं, काही सांगितलं नाहीत. दुपारी परत आलात आणि भिंतीला टेकून बसलात.

करुणाचे हात थांबले होते. ती म्हणाली, ‘म्हणजे बंद होतं म्हणून राहिलं.’

‘दुसऱ्या दिवशी उघडं होतं ना,’ ताई म्हणाली. ‘मी म्हटलंसुद्धा, आज जा. शर्ट खुंटीवरच होता. म्हणाले, नाही जात.’

मी ताईला विचारलं, हे इतकी वर्षं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, कोणी विचारलं? सगळे त्यांना एकच विचारत होते, पार्सल घेतलं का.

दाजी, मग मला तुमच्या त्या ‘हो’चा अर्थ लागला. गल्लीच्या तोंडाशी मी तुम्हाला सांगत होतो ते तुम्हाला पटलं होतं. पटलं म्हणून तुम्ही सकाळी निघालात. बंद शटरने तुम्हाला एक दिवस वाचवलं, त्यात तुमचं काही नाही, ते देवाचं किंवा त्या वारलेल्या व्यापाऱ्याचं. पण दुसरा दिवस तुमचा होता. शर्ट खुंटीवर, मार्केट उघडं, लेक समोर, आणि तुम्ही बसून राहिलात. तो दिवस तुम्ही कसा काढलात हे विचारायला मला आयुष्यात असंख्य रविवार मिळाले होते. मी ते सगळे तुम्हाला उत्तरं देण्यात घालवले.

करुणा पापडीच्या सुपाकडे बघत होती. मग तिने ताईला विचारलं, ‘त्या दिवशी आल्यावर काही खाल्लं होतं का त्यांनी?’

‘नाही गं. तसेच बसले होते. तुझी घरी यायची वेळ झाली तेव्हा उठून तोंड धुतलं, तुला कळू नये म्हणून.’

मातीच्या दिवशी डोळ्यांतून टिपूस न काढलेली तुमची लेक तेव्हा रडायला लागली. ताईने सूप बाजूला सरकवलं आणि तिला जवळ घेतलं. मी तिथेच बसून होतो. मला जे काही बोलता येतं, ते सगळं त्या वेळी जास्त झालं असतं. म्हणून मी, दाजी, पहिल्यांदाच गप्प राहिलो.